दोन प्रकल्पवह्या, एकच चूक

"तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?" हा प्रश्न आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी ऐकला आहे. अब्बांना तो कचेरीत ऐकावा लागला, आम्हाला नोकरीच्या मुलाखतीत, आणि आमच्या मुलीला तिच्या वर्गात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. तो कौतुकच करत असतो. पण त्या कौतुकात एक शंका दडलेली असते: हे तुमचं स्वतःचं नसणार, कुठून तरी आलेलं असणार. वाचकांपैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सांगायचं आहे ते पुढचं. हाच प्रश्न एके दिवशी आम्ही एका मुलीला विचारला, आणि तोही चोरीचा संशय मनात धरून.

आम्ही दोघे, नवरा-बायको, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. एकाचा विषय भूगोल, दुसरीचा मराठी. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हापासून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडली गेली. त्याआधी सगळा कारभार नागपूरहून चालायचा. सिरोंच्याच्या मुलाला गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करून घ्यायची, तर दोन दिवस मोडायचे. आता अंतर कमी झालं, पण आमच्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या घरांमधलं अंतर तेवढंच आहे. एका बाकावर झाडीबोली बोलणारा शेतकऱ्याचा मुलगा, शेजारी चामोर्शीकडचा बंगाली, मागे सिरोंच्याची तेलुगू बोलणारी मुलगी, कोपऱ्यात गोंडी आणि माडिया बोलणारी मुलं. आपल्या समाजाची मुलं घरी उर्दू-हिंदी बोलतात. म्हणजे वर्गात साठ मुलं असली, तर पुस्तकातलं मराठी ज्यांच्या घरात बोललं जातं अशी फार थोडी. बाकीचे सगळे परक्या भाषेत परीक्षा देतात.

पदवीच्या मुलांना पर्यावरण हा विषय सक्तीचा असतो, आणि त्यात एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक मुलं बाजारात मिळणारी तयार माहिती उतरवून आणतात. ते टाळावं म्हणून आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच सांगून ठेवतो की आपल्या गावातलं, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. जुलैच्या पावसात वह्या जमा होतात आणि आम्ही रात्री जेवण झाल्यावर दोघे मिळून त्या वाचतो. एक आकडे बघतो, दुसरी भाषा बघते.

त्या वर्षी दोन वह्या सारख्या निघाल्या. विषय दोन्हींचा तेंदूपत्ता. गावाचं नाव वेगळं, अक्षर वेगळं, पण मजकूर जवळपास तोच. पंधरा दिवसांत एका घराने किती पुडे बांधले याचा तक्ता दोन्हींत होता. त्या तक्त्याची बेरीज करून पाहिली तर 2340 येत होती. दोन्ही वह्यांत 2430 लिहिलं होतं. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी आली की माणूस थांबतो.

एक वही भामरागडच्या बाजूच्या माडिया मुलीची होती. ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची, वर्गात क्वचितच बोलायची आणि बोलली तरी दोन-तीन शब्दांत. दुसरी वही आमच्याच मोहल्ल्यातल्या मुलीची. हुशार, बोलकी, निबंध स्पर्धेत बक्षिसं मिळवणारी. तिच्या वडिलांचं आणि आमचं घरी येणं-जाणं. ती लहान असताना ईदीसाठी आमच्या दारात यायची. दोघी मुली वर्गात एकाच बाकावर बसायच्या.

कोणी कोणाची वही उतरवली, हे ठरवायला आम्हाला एक मिनिटही लागलं नाही. वहीतलं मराठी स्वच्छ होतं, वाक्यं नीट बांधलेली होती. जिला वर्गात एक वाक्य धड बोलता येत नाही, ती असं लिहील? आमच्या मते उत्तर उघड होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर, आमच्यापैकी एकीने त्या माडिया मुलीला विचारलं, "काय गं, इतकं छान मराठी कुठून आणलंस?" वर्ग हसला. ती मान खाली घालून बसली. तिच्या शेजारची, आमच्या मोहल्ल्यातली, हसली नाही. ते आम्ही पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

त्या रात्री वहीवर शून्य लिहायचं आणि प्राचार्यांना चिठ्ठी द्यायची असं ठरलं होतं. चिठ्ठी लिहूनही झाली. मग दस्तरखान उचलताना आमच्या मुलीने सहज विचारलं, "पण तुम्ही तिला विचारलंत का, तिने कसं लिहिलं ते?" आम्ही म्हणालो, विचारलं की वर्गात. ती म्हणाली, "ते विचारणं नव्हतं. मला पण असंच विचारतात."

त्यावर आम्हा दोघांनाही काही बोलता आलं नाही. चिठ्ठी टेबलावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलं की दोघींशी बोलायचं, वेगवेगळं, आणि सारखेच प्रश्न विचारायचे. सोबत एक ज्येष्ठ सहकारी बाई बसतील, दार उघडं राहील, आणि आवाज चढणार नाही. "तू कॉपी केलीस का?" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर खरं बोलणाऱ्याचं आणि खोटं बोलणाऱ्याचं एकच असतं. विचारायचं ते कामाबद्दल.

आधी माडिया मुलगी आली. बराच वेळ गप्प होती. आम्ही म्हटलं, "वही बाजूला ठेव. पानं कशी तोडतात ते सांग." मग हळूहळू ती बोलू लागली. मराठी अडखळत होतं, पण माहिती अडखळत नव्हती. झुडपं आधी छाटतात, मग कोवळी पालवी फुटते. मे महिन्यात पहाटे निघावं लागतं, कारण ऊन चढलं की काम होत नाही. वाघ-अस्वलाच्या भीतीने बायका घोळक्याने जातात. दुपारी घरातले सगळे सावलीत बसून पुडे बांधतात, सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे आणि वाळत मांडायचे. आम्ही विचारलं, सत्तर पानं मोजायला किती वेळ लागतो? ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आई मोजत नाही. हाताला कळतं."

मग तिने पिशवीतून एक कच्ची वही काढली. मळलेली, कोपरे दुमडलेले. त्यात तारखेनुसार पुड्यांचे आकडे होते, काही शब्द माडियातले पण देवनागरीत लिहिलेले, आणि शेवटच्या पानावर ती बेरीज, अंक उलटे पडलेले, 2430. चूक तिचीच होती आणि त्या चुकीनेच ती खरी ठरली.

राहिला प्रश्न स्वच्छ मराठीचा. तिने सरळ सांगितलं, "मी बोलायची, ती नीट करून सांगायची. मग मी लिहायची." ती, म्हणजे तिची मैत्रीण. आमच्या मोहल्ल्यातली.

नंतर दुसरी आली. तिला तोच प्रश्न विचारला, पानं कशी तोडतात? तिने वहीतली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. पानं वाळत का घालतात, हे वहीत नव्हतं. ते तिला सांगता आलं नाही. तिसऱ्या प्रश्नाला तिचे डोळे भरले. सुट्टीत मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती, घरातलं सगळं काम हिच्यावर होतं, कुठे जाणं झालं नाही. वही द्यायचा दिवस जवळ आला तेव्हा मैत्रिणीला भाषेत मदत करता करता तिने सगळंच उतरवून घेतलं आणि गावाचं नाव बदललं. म्हणाली, "वर्गात तुम्ही तिला बोललात तेव्हाच मला उठून सांगायचं होतं. पाय उचलला नाही."

तिचा पाय उचलला नाही, हे खरं. पण तिला बसून राहायला जागा आम्हीच करून दिली होती. आपल्या माणसाची पोर आहे, चांगल्या घरची आहे, बोलते छान, या तीन गोष्टींवर आम्ही तिला निर्दोष ठरवलं. आणि दुसरी परकी आहे, गप्प असते, जंगलातली आहे, यावर तिला चोर ठरवलं. पुरावा दोन्ही वह्यांत सारखाच होता. वजन आम्ही टाकलं होतं.

सूरह निसामध्ये 105 व्या आयतीपासून जो विषय येतो, त्याच्यामागची घटना तफसीरकार सांगतात ती आम्ही लहानपणापासून ऐकलेली होती. मदिन्यात एका माणसाच्या घरून चिलखत चोरीला गेलं. चोर मुसलमान म्हणवणाऱ्यांपैकी होता. चिलखत सापडलं ते एका यहुदी माणसाकडे, कारण चोराने ते तिथे ठेवलं होतं. चोराच्या कबिल्याचे लोक पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आपल्या माणसाची बाजू घेऊन गेले. वही उतरली ती त्या यहुदी माणसाला निर्दोष ठरवणारी, आणि बेइमानांची वकिली करू नका अशी ताकीद देणारी. हा किस्सा आम्ही मुलांना किती वेळा सांगितला असेल! पण तो आमच्याच टेबलावर दोन प्रकल्पवह्यांच्या रूपात आला तेव्हा आम्ही कबिल्याच्या बाजूला उभे होतो.

गोष्ट इथे संपली नाही. संध्याकाळी मुलीचे वडील घरी आले. भला माणूस, कधी कोणाचं एक पैशाचं वाईट केलं नाही. चहाला हात न लावता म्हणाले, "भाईजान, अपनी बच्ची है." तिच्या लग्नाचं बोलणं कुठेतरी चाललं होतं. कॉलेजात चोरी पकडली गेली असं पसरलं, तर पुढे काय होईल हे त्यांना दिसत होतं. मोहल्ल्यातल्या आणखी एकाने निरोप पाठवला की त्या दुसऱ्या मुलीला कोण विचारायला येणार आहे, प्रकरण मिटवून टाका. आम्हाला राग आला नाही असं नाही. पण राग करायचा तर आधी स्वतःवर करायला हवा होता. त्या निरोपातलं जे वाक्य आम्हाला बोचलं, तसंच आम्ही चार दिवसांपूर्वी वागलो होतो.

आम्ही वडिलांना सांगितलं की बच्ची आपलीच आहे, म्हणूनच हे मिटवता येणार नाही. मिटवलं तर तिला कळेल की ओळखीने सुटता येतं, आणि ही शिकवण घेऊन ती सासरीही जाईल, नोकरीलाही जाईल. पण तिची बदनामीही होणार नाही. जे होईल ते नियमाने होईल आणि गरजेपेक्षा एकाही माणसाला जास्त कळणार नाही.

बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस सगळ्यांना माहीत आहे. वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं. पावसात भिजलं म्हणणाऱ्या विक्रेत्याला पैगंबर (स.) यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असंही सांगितलं. आम्हाला त्यातली एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटते. त्यांनी आधी ढिगात हात घातला, ओल पाहिली, मग माणसाला विचारलं, त्याचं म्हणणं ऐकलं आणि नंतर निर्णय सांगितला. हाच क्रम सूरह हुजुरातमधल्या शिकवणीशीही जुळतो, जिथे जास्त गुमान करण्यापासून आणि दुसऱ्यांची टेहळणी करण्यापासून रोखलं आहे. फसवणूक सोडून देणं हा इन्साफ नाही आणि बदगुमानी हाही इन्साफ नाही.

प्रकल्प महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणांचा होता, त्यामुळे निर्णय प्राचार्यांच्या संमतीने आमच्याच पातळीवर झाला. मोहल्ल्यातल्या मुलीचा प्रकल्प रद्द झाला. तिला दीड महिन्यात नवा प्रकल्प, स्वतःच्या हाताने केलेला, द्यायला सांगितलं आणि गुण कमी धरले जातील हेही आधीच सांगितलं. माडिया मुलीला तिच्या कामाचे पूर्ण गुण मिळाले, बेरजेचा एक वजा करून. तो एक गुण कापावा की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी वाटलं, कीव म्हणून दिलेला गुण हाही एक प्रकारचा अपमानच.

राहिली आमची चूक. ती वर्गात झाली होती, म्हणून भरपाई वर्गातच व्हायला हवी होती. दुसऱ्या तासाला आम्ही दोघेही वर्गात गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही हिच्यावर विनाकारण संशय घेतला, काम तिचंच आहे, आम्ही माफी मागतो. दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं नाही. माडिया मुलगी उभी राहून एवढंच म्हणाली, "ठीक आहे मॅडम." तिचा चेहरा खुलला, सगळं पूर्वीसारखं झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या दोघी कित्येक महिने वेगळ्या बाकांवर बसल्या. आम्ही ईदला सगळ्या वर्गाला बोलावलं, ती आली नाही. संशयाला एक वाक्य पुरतं, त्याची दुरुस्ती मात्र महिनोन् महिने चालते.

या प्रसंगानंतर आम्ही कायदा आणि नियम नीट वाचले. आधीच वाचायला हवे होते. ज्या 1982 साली चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखण्याचा कायदा आला. भरारी पथकं, जप्त केलेल्या चिठ्ठ्या, केंद्रावरचा बंदोबस्त हे सगळं आपण पाहतो. पण विद्यापीठाच्या परीक्षेत मुलगा पकडला गेला, तर पर्यवेक्षकाने तिथेच त्याला दोषी ठरवायचं नसतं. पर्यवेक्षक कागद जप्त करतो आणि अहवाल देतो. पुढे चौकशी समिती बसते, मुलाला बोलावलं जातं, त्याचं म्हणणं नोंदवलं जातं. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठे कायद्यातही अशा समितीची तरतूद आहे.

मुलाचं म्हणणं ऐकणं ही मेहरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1962 मध्येच सांगितलं. उत्तर प्रदेशच्या बोर्डाने तीन विद्यार्थ्यांचा 1954 च्या इंटरमिजिएट परीक्षेचा निकाल गैरमार्गाच्या आरोपावरून रद्द केला होता, पण त्यांना बाजू मांडायची संधी दिली नव्हती. न्यायालयाने म्हटलं की असा निर्णय विद्यार्थ्याच्या सगळ्या आयुष्यावर परिणाम करतो, म्हणून समितीने न्यायाच्या रीतीनेच वागलं पाहिजे आणि त्याला ऐकलं पाहिजे. आठ वर्षांनी, 1970 मध्ये, बिहारमधल्या एका केंद्राचं प्रकरण आलं. तिथे सामूहिक कॉपी झाली होती आणि बोर्डाने त्या केंद्राची परीक्षाच रद्द केली होती. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की इथे एका मुलाला दोषी ठरवलेलं नाही, परीक्षाच खराब झाली आहे, म्हणून प्रत्येकाला वेगळं ऐकण्याची गरज नाही. फरक लक्षात घेण्यासारखा आहे. परीक्षा रद्द करता येते, पण एखाद्याच्या कपाळावर चोर असा शिक्का मारायचा असेल, तर त्याचं ऐकावंच लागतं.

संशोधनाच्या प्रबंधांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं. चाळीस ते साठ टक्क्यांसाठी एक वर्ष दुरुस्त प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. शिक्षेला अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीआधी बाजू मांडायची संधी आहे. पहिल्या चुकीला फाशी आणि ओळखीच्याला माफी, हे दोन्ही त्यात बसत नाही.

आता मोबाइलवर क्षणात निबंध लिहून देणारी यंत्रं आली आहेत, आणि त्यांनी लिहिलेलं ओळखणारी दुसरी यंत्रंही. अनेक शिक्षक या दुसऱ्या यंत्रांच्या टक्केवारीवर विसंबून मुलांना जाब विचारतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2023 मध्ये अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, तर सरासरीने निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचं ओळख-यंत्र अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. म्हणजे परक्या भाषेत लिहिणाऱ्यावर यंत्रही आधी संशय घेतं. आमच्यासारखंच. यंत्राने बोट दाखवलं तर ते फक्त विचारण्याचं निमित्त समजावं, निकाल समजू नये. मुलाला समोर बसवा, त्याच्या लिखाणातली दोन वाक्यं समजावून सांगायला लावा, कच्चं काम दाखवायला सांगा. ज्याने काम केलं आहे, त्याच्याकडे मळलेली वही असते.

आई-वडिलांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. मुलावर आरोप आला की आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात. एक म्हणजे तिथल्या तिथे मुलाला मारणं, शिक्षण बंद करण्याची धमकी देणं. मुलीच्या बाबतीत तर शिक्षण खरोखर बंद होतं. दुसरा म्हणजे ओळखीचा माणूस शोधून प्रकरण दाबणं. दोन्हींत मुलाचं ऐकायचं राहूनच जातं. आधी दार लावून, शांतपणे विचारा. मुलाने केलं नसेल तर त्याच्यासोबत लेखी उत्तर घेऊन जा, कच्चं काम, तारखा, जे असेल ते द्या. ऐकून घेण्याचा हक्क मागताना शरम वाटू देऊ नका. आणि केलं असेल तर त्याला खरं बोलायला धीर द्या. कबूल करणाऱ्या मुलाला घरात जागा आहे हे त्याला दिसू द्या. खोट्याची सवय बहुतेक वेळा घरच्या भीतीनेच लागते.

मोहल्ल्यातल्या मुलीच्या वडिलांनी शेवटी तेच केलं. तिला कॉलेजातून काढलं नाही. त्या दीड महिन्यात तिने नवा प्रकल्प केला, तो आमच्याकडे अजून आहे. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्र असल्यामुळे धूळ आपल्या अंगवळणी पडली आहे. तिने आपल्या घराच्या गच्चीवर छपराखाली रोज एक पांढरा रुमाल सकाळी टांगला आणि संध्याकाळी काढला. पाऊस पडला त्या दिवशी वेगळं, ऊन पडलं त्या दिवशी वेगळं. असे तीस रुमाल तारखा घालून वहीला टाचले. काही राखाडी, काही जवळपास काळे. मजकूर तिच्या नेहमीच्या मराठीपेक्षा साधा होता आणि दोन ठिकाणी बेरीज चुकलेली होती. आम्ही ती वही वाचून झाल्यावर तिला बोलावलं आणि रुमाल छपराखालीच का टांगले ते विचारलं. ती अर्धा तास सांगत राहिली.

शेवटच्या वर्षी कधीतरी त्या दोघी पुन्हा एका बाकावर दिसल्या. आपापसांत काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. ते विचारायचा हक्क आम्हाला नव्हता.

आता दर जुलैत वह्या आल्या की सारखेपणा दिसतो, संशय येतो. तो येणारच, नाही आला तर आम्ही वाचतच नाही असा त्याचा अर्थ होईल. पण वहीवर काही लिहिण्याआधी मुलाला समोर बसवून विचारतो, आणि एकाला विचारलं ते दुसऱ्यालाही विचारतो, मग तो कोणाचाही मुलगा असो. "इतकं छान मराठी कुठून आणलंस?" हे मात्र कोणालाच विचारत नाही. आमच्याबद्दल आणि आमच्या मुलांबद्दल लोकांनी करू नये असं ज्या गुमानाबद्दल आम्हाला वाटतं, ते दुसऱ्याच्या लेकराबद्दल आमच्या मनात येण्याआधी अल्लाहने आम्हाला थांबवावं, एवढीच दुआ. आमीन.